घर कव्हर्ड आहे!

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास गणपतीची आरती आटोपून मंडळी प्रसादाच्या रांगेत लागली की घरदुरुस्तीचा विषय निघतोच, आणि ‘आपलं काय, सगळं कव्हर्ड आहे’ म्हणणारा एक गृहस्थ त्या रांगेत हमखास असतो. बाकीचे एकमेकांना प्लंबरचा फोन नंबर देतात; याला स्वतःचा कॉन्ट्रॅक्ट नंबर तोंडपाठ. घर तीस-पस्तीस वर्षांचं, बेसमेंटमधली फर्नेस याच्या लग्नाहून जुनी. पण क्लोजिंगच्या वेळी विकणाऱ्याने पदरचे पैसे घालून वर्षभराची होम वॉरंटी दिली, आणि फुकट ते पौष्टिक या न्यायाने याने ती घेतली. पुढच्या वर्षापासून पाच-सहाशे डॉलर तो स्वतः भरू लागला. झाड पडून छप्पर मोडलं तर विमा, आणि वापरून वापरून वॉटर हीटर मेला तर वॉरंटी, हा भेद तो कुणालाही समजावून सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या व्यवहारात यंत्र दुरुस्त होईल न होईल, चांगल्या चालत्या-बोलत्या गृहस्थाचा कारकून मात्र नक्की होतो.

पुरावा जुलैत मिळतो. एसी बंद पडतो, घर तापतं आणि गृहस्थ फोन लावतो. सर्व्हिस कॉलचे शंभरेक डॉलर आधी कार्डावरून जातात, मग कंपनी नेमेल तो कॉन्ट्रॅक्टर तीन-चार दिवसांनी उगवतो. तो यंत्राला हात लावण्याआधी फोन काढतो आणि कॉइलवरच्या गंजाचा फोटो घेतो. हा फोटो म्हणजे क्लेमचा मृत्यूचा दाखला. कारण गंज एका दिवसात चढत नाही, म्हणजे बिघाड करारापूर्वीचा. आणि पूर्वीचा नसेल तर देखभाल केली नाही म्हणून झालेला. दोन्हीकडून गृहस्थच दोषी. मागच्या वर्षांच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या दाखवा, असा निरोप येतो. पावत्या! ज्याला आपलं लग्नाचं सर्टिफिकेट सापडत नाही, तो माणूस एसीच्या फिल्टरची बिलं शोधत बसतो. त्यातूनही क्लेम मंजूर झालाच, तर यंत्रात जुना आर-22 गॅस निघतो. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात 2020 च्या पहिल्या दिवसापासून बंद, त्यामुळे भाव चढलेले. आणि करारात गॅसच्या दराला पौंडामागे मर्यादा. जुनं धूड उचलून नेण्याचे पैसे वेगळे, परमिटचे वेगळे. नाहीतर कंपनी रोख रक्कम घेऊन मोकळं व्हा म्हणते, पण ती रक्कम तिला स्वतःला यंत्र ज्या भावात पडतं त्या हिशेबाने. बाजारात त्याच यंत्राला काय पडतं, हा प्रश्न तिच्या लेखी अभ्यासक्रमाबाहेरचा.

यावर शहाणी माणसं विचारतात, सही करण्याआधी वाचायला काय झालं होतं? प्रश्न बिनतोड वाटतो. पण घर घेताना ज्याने कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यावर मान मोडून सह्या केल्या आहेत, त्याने भेट मिळालेल्या वॉरंटीची अपवादांची पानं चाळावीत ही अपेक्षा वकिलाकडूनही करू नये. शिवाय वाचूनही ‘योग्य देखभाल’ म्हणजे नेमकी किती, हे कळत नाही. ते ठरतं क्लेम आल्यावर, आणि ठरवणार कंपनीच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: सगळे क्लेम काही नाकारले जात नाहीत. मान्य. सिंकखालचं डिस्पोजल किंवा गळका नळ हे लोक चटकन करून देतात, आणि गृहस्थ वर्षभर त्याचंच कौतुक सांगतो. हजारांचा आकडा आला की मात्र कागद मागितले जातात. ही केवळ कुरकुर नव्हे. 2014 साली न्यू जर्सी राज्याने एडिसनमधल्याच एका कंपनीवर दावा लावला होता. अवाजवी कागदपत्रं मागून, देखभालीच्या नोंदी नाहीत म्हणून क्लेम नाकारले जातात, असा त्यात आरोप होता. पुढच्या वर्षी कंपनीने सुमारे 7 लाख 80 हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे पावत्यांपायी नाकी नऊ आलेला आपला गृहस्थ एकटा नव्हता.

मग तो हे सोडत का नाही? हिशेब त्याला येतो. पोटापाण्यासाठी तो बँकांचं सॉफ्टवेअर लिहितो. वर्षाचे पाचशे डॉलर बाजूला टाकले असते तर एव्हाना नव्या वॉटर हीटरची सोय झाली असती, हे त्याने एक्सेलमध्ये मांडूनही पाहिलेलं असतं. पण आता त्याच्याकडे फाइल आहे. फिल्टर बदलल्याची तारीख, फर्नेसच्या नंबरपट्टीचा फोटो, फोनवर कोण बोललं त्याचं नाव, सगळं क्रमवार लावलेलं. इतकी तयारी झाल्यावर लढाईच सोडायची म्हणजे कारकुनाचा अपमान. त्यात मनात पक्की धास्ती, की आपण रद्द केली रे केली की त्याच आठवड्यात फर्नेस मान टाकणार. बायको म्हणते, बंद कर ती कटकट. तोही ‘या वर्षी नक्की’ म्हणतो. पण बऱ्याच करारांचं नूतनीकरण आपोआप होतं, आणि ते नको असेल तर मुदत संपायच्या आत कळवावं लागतं. फाइलमध्ये सगळ्या तारखा आहेत, तेवढी ही एक लिहायची राहिली आहे.