आयरिश नातू

२३ जून २०१६ ला ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं आणि इंग्लंडात माणसांची एक नवी जमात उगवली. तिला मी आयरिश नातू म्हणतो. वय पन्नासच्या आसपास, पोट बेताचं सुटलेलं, नोकरी पक्की. तोवर हा इसम निखालस इंग्लिश होता: चहात दूध, बोलण्यात हवामान, आणि स्पेनला गेल्यावर तिथल्या लोकांना इंग्रजी नीट येत नाही याचं मनापासून वाईट वाटणं. आपली एक आजी आयरिश होती, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. पण ती गोष्ट नाताळच्या जेवणात दुसऱ्या ग्लासाला निघायची आणि तिसऱ्या ग्लासात बुडायची.

मग विमानतळावरची रांग वेगळी झाली. स्पेनमध्ये सलग हिवाळा काढायचा तर १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येईना. आणि आजी एकदम वर आली. मी नोकरी करतो त्या बर्मिंगहॅममध्ये आयरिश मजूर आणि नर्सा पिढ्यानपिढ्या येत राहिल्या, त्यामुळे आमच्या हापिसात दर दोन टेबलांमागे एक आजी सापडली. बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलेल्यांच्या टेबलांमागेही सापडली. मी ते कुणाला बोलून दाखवत नाही. खुद्द बोरिस जॉन्सनच्या वडिलांनी २०२२ मध्ये आपल्या फ्रेंच आईच्या पुण्याईवर फ्रेंच नागरिकत्व मिळवलं. मुलानं देश बाहेर काढला, बाप एकटा आत गेला. तिथं आमच्या अकाउंट्सवाल्याला काय बोलायचं?

नियम वाचायला सोपा आहे. आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडच्या बेटावर जन्मलेलं असलं (बेलफास्टही चालतं) तर डब्लिनच्या परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये नाव नोंदवायचं, २७८ युरो भरायचे आणि आयरिश व्हायचं. त्यासाठी आजीचा जन्माचा, लग्नाचा आणि मृत्यूचा दाखला, आईचा जन्माचा आणि लग्नाचा, मग स्वतःचे. सगळे अस्सल, सगळे आईबापांची नावं असलेल्या लांब नमुन्यातले. झेरॉक्स चालत नाही.

इथं नातू माझ्या टेबलाशी येतो. हिंदुस्थानी माणसाला कागदांतलं कळतं असा त्याचा समज आहे आणि तो समज खरा आहे. मी जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळवलेला माणूस. माझे मामा मोडी वाचणाऱ्या गुरुजींना गाडीत घालून कुणबी नोंद हुडकायला तालुक्याला गेलेले. आमच्याकडे दहावीच्या पोरालाही कळतं की आपण आहोत हे पुरेसं नसतं, ते साहेबाच्या सहीशिक्क्यानं असावं लागतं. नातवाच्या देशात ओळखपत्र सक्तीचं नाही. पत्ता विचारला तर तो गॅसचं बिल दाखवतो. पन्नाशीपर्यंत स्वतःला एकदाही सिद्ध न करता जगलेला माणूस मी इथं येईपर्यंत पाहिला नव्हता.

तो पहिल्या दिवशी जे आणतो ते पाहून मला गहिवरून येतं. आजीचा फ्रेममधला फोटो. आजीची जपमाळ. चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला, चहाचा डाग पडलेला. मी सांगतो, बाबा रे, हा देवाघरचा झाला, सरकारी कुठाय? तो म्हणतो, “पण ती आयरिशच होती! तिचं बोलणं ऐकायला हवं होतंस!” उच्चार अर्जाला जोडता येत नाहीत, हे त्याला पटायला आठवडा जातो.

मग रोसकॉमन. आयर्लंडचं जन्ममृत्यू नोंदणीचं मुख्य कार्यालय त्या गावात आहे, दाखल्याचे वीस युरो घेतात. नातू ‘रोसकॉमन’ हा शब्द आता आपण ‘पंढरपूर’ म्हणतो तसा म्हणतो. मुश्कील ही की मागायचं कुणाच्या नावानं? आजीला घरात सगळे डीलिया म्हणत. मृत्यूच्या दाखल्यावर डीलिया. लग्नाच्या दाखल्यावर ब्रायडी. आणि जन्मली तेव्हा होती ब्रिजेट. आयर्लंडात ब्रिजेटची डीलिया होणं अगदी रोजचं, पण अर्ज तपासणाऱ्याला या तीन बायका दिसतात. आमच्याकडे पांडुरंगाचा बंडू होतो आणि बंडूचा बी. के.; त्यावर प्रतिज्ञापत्र, राजपत्र असे उतारे आहेत. मी ‘एकच व्यक्ती असल्याबाबत’ हा मथळा इंग्रजीत सांगितला तेव्हा नातवानं माझ्याकडे आदरानं पाहिलं.

तारखेचा घोळ तर त्याहून रसाळ. जन्माची नोंद मुदतीत केली नाही तर दंड असे. शेतकरी बाप सवडीनं बाजाराच्या दिवशी नोंदवायला जाई आणि दंड चुकवायला पोराची जन्मतारीख खुशाल पुढे सरकवे. त्यामुळे चर्चच्या वहीप्रमाणे डीलियाचा बाप्तिस्मा झाला आणि सरकारी वहीप्रमाणे ती त्यानंतर सहा दिवसांनी जन्मली.

आणि वयं! या बाबतीत आयरिश माणूस आपला सख्खा भाऊ शोभेल. १९०८ साली ब्रिटिश सरकारनं सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन देण्याचा कायदा केला. आयर्लंडात सरसकट जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ ला, म्हणजे सत्तरीच्या एकाही म्हाताऱ्याकडे सरकारी दाखला नाही. मग वयाची खूण म्हणून १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्रीचं महावादळ आठवतं का, असं विचारू लागले. आठवतं! बघता बघता साऱ्या आयर्लंडला ते वादळ आठवू लागलं. तेव्हा मी हातात घेऊन बटाटा खात होतो, इतक्या तपशिलानं. १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीचे कागद आता घरबसल्या फुकट बघायला मिळतात. त्यात नातवाची खापरपणजी पहिल्या वेळी छप्पन्न वर्षांची आहे आणि दुसऱ्या वेळी सत्तर. नातू हे पाहून बावरला होता. मला ती बाई फार आवडली.

कागद वाढत जातात तशी घरातली भांडणंही वर येतात. मावशीकडे डीलियाच्या लग्नाचा दाखला आहे हे सगळ्यांना माहीत. मावशी म्हणते सगळं १९२२ च्या आगीत जळलं. त्या साली ३० जूनला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर जळालं हे खरं. पण जन्माच्या नोंदी तिथं नव्हत्या म्हणून वाचल्या, आणि डीलियाचं लग्न तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये लागलेलं. शेवटी मावशीनं कपाटातून लिफाफा काढला. नातवानं तो आईच्या जन्मदाखल्याशेजारी ठेवला, बोटं मोजली आणि गप्प बसला. लग्न जूनमधलं, आई नोव्हेंबरातली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री म्हणाल्या, “म्हणूनच ती देत नव्हती.” डब्लिनला याचं काही सोयरसुतक नसतं. मावशीला असतं.

सगळं जमल्यावर उरतो साक्षीदार. अर्जावर आणि फोटोंवर सही करणारा माणूस ठरावीक पेशांतला हवा आणि अर्जदाराला व्यक्तिशः ओळखणारा हवा. नातू विचारात पडतो. पाद्री शेवटचा लग्नात भेटला. बँकेची शाखा बंद झाली, तिथं आता कॉफी मिळते. दवाखान्यात दर खेपेला वेगळा डॉक्टर. अखेर आमच्या सौभाग्यवतींनी सही केली. त्या डॉक्टर आहेत. साताऱ्यात जन्मलेल्या बाईनं एका इंग्रजाला ‘हा तोच इसम’ म्हणून आयर्लंडसाठी साक्षांकित केलं. सही करण्यापूर्वी त्यांनी त्याला चष्मा काढायला लावून दोनदा नीट पाहून घेतलं.

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला स्विंडन आहे. तिथले गोंयकार हे सगळं बघून गालात हसतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांचे दाखले काढून, लिस्बनला नोंद करवून, भारतीय पासपोर्टवर पाणी सोडून ते पोर्तुगीज झाले, ते कशासाठी? इंग्लंडात येण्यासाठी. ते येऊन टेकतात न टेकतात तोच इंग्रज आजीचा हात धरून बाहेर निघाला.

अर्ज गेल्यावर नातू आयरिश व्हायला लागतो, टपालाची वाट न बघता. गिनेस पितो आणि तोंड वाकडं करत नाही. १९८८ साली श्टुटगार्टला फुटबॉलमध्ये आयर्लंडनं इंग्लंडला १–० हरवलं तेव्हा हा शाळकरी पोर रडला होता. आता ‘आपण जिंकलो तेव्हा’ म्हणतो. प्रशिक्षक जॅक चार्लटनच्या त्या संघात इंग्लंडात जन्मलेले बरेच जण आजी-आजोबांच्या नावावर खेळत. ८८ सामने खेळलेल्या टोनी कॅस्करिनोनं पुढे आत्मचरित्रात सांगितलं की त्याची आई दत्तक होती, म्हणजे ज्या आजोबांमुळे तो आयरिश ठरला ते रक्ताचे नव्हतेच. आयर्लंडनं फारसं मनावर घेतलं नाही. मला नातू सांगतो, “तुमचा माणूस आमचा पंतप्रधान होता.” लिओ वराडकर. मालवणाजवळच्या वराडचं घराणं. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. त्यांचा जन्म डब्लिनचा, आई वॉटरफर्डकडची, त्यामुळे त्यांना रोसकॉमनला हेलपाटे घालावे लागले नाहीत. ‘आमचा’ कुणाचा, यावर नातवाशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

पुढे एकदाचं प्रमाणपत्र आलं. पण नागरिकत्व नोंदणीच्या तारखेपासून, जन्मापासून नव्हे. म्हणजे त्याआधी झालेल्या दोन्ही पोरांना ते पोचत नाही. बायकोच्या चारही आजी-आजोबांचा जन्म यॉर्कशायरचा, आणि तिला त्याचा अभिमान. स्पेनला मालागाच्या विमानतळावर नातवानं तिला आपल्या रांगेत ये म्हणून खुणावलं. घरच्यांना सोबत घेता येतं हे तो वाचून आला होता. ती म्हणाली, “जा तू. आम्ही ब्रिटिश आहोत,” आणि पोरांना घेऊन लांब रांगेच्या शेपटाला उभी राहिली. नातू चार मिनिटांत पलीकडे. पाऊण तासानं मला त्याचा मेसेज: चौघांच्या बॅगा एकट्यानं पट्ट्यावरून उतरवल्यात, कंबर धरलीय, डॉक्टरीणबाईंना विचारून कुठली गोळी घेऊ ते कळव.