घोडा असता तर

कॅम्परव्हॅनवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, गाडीतच पलंग, शेगडी, फ्रिज आणि संडास असताना दुसऱ्याच्या मैदानात नुसतं उभं राहायचे पैसे कशाला मोजायचे? दुसरा एवढंच म्हणतो, सकाळी गरम पाण्यानं अंघोळ झाली पाहिजे. मी पहिल्या पंथाचा, बायको दुसऱ्या पंथाची. लेस्टरहून भाड्याची व्हॅन घेऊन स्कॉटलंडला निघालो तेव्हा मागच्या सीटवर आमचा लवादही होता, साताऱ्याहून आलेले सासरे. नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. सरकारी कागद दिसला की त्यांना तरतरी येते.

"स्कॉटलंडमध्ये कुठंही मुक्काम टाकता येतो," असं मी ऐटीत सांगितलं. सगळेच सांगतात. इन्व्हर्नेस येईपर्यंत नानांनी २००३ चा तिथला लँड रिफॉर्म कायदा मोबाइलवर वाचून संपवला. "जावईबापू, कायदा झकास आहे. पायी या, सायकलवर या, घोड्यावर या, वल्ह्याच्या होडीतून या, तंबू ठोका, नीट वागलात तर कुणी हटकणार नाही. पण कलम ९ बघा. मोटारगाडीला यातलं काहीच लागू नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घोडा असता तर जमलं असतं."

नानांचा घोडा अगदीच हवेतला नव्हता. हौसेखातर चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांचे मूळपुरुष डॉ. गॉर्डन स्टेबल्स. त्यांनी १८८५ मध्ये 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि घोडे जुंपून थेट इन्व्हर्नेस गाठलं. बरोबर गाडीवान होता, आणि अरुंद रस्त्यावर पुढची वाहनं बघायला तीनचाकी सायकलवरून नोकर पुढे धावत होता. एवढा लवाजमा असेल तर मीही निसर्गाच्या कुशीत वगैरे राहीन. आमच्यात गाडीवान, नोकर आणि भांडी घासणारा मीच.

तरी आशा सुटेना. नानांनी १९८८ च्या वाहतूक कायद्यातलं कलम ३४ शोधलं. गाडी उभी करण्यापुरतं रस्ता सोडून पंधरा यार्डांपर्यंत आत गेलं तर त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. पंधरा यार्ड म्हणजे जेमतेम पावणेचौदा मीटर. पण हा राहण्याचा हक्क नव्हे. मालकानं निघा म्हटलं की निघायचं. तरी लोक राहतात आणि पुष्कळदा चालवूनही घेतलं जातं. इंग्लंडात तंबूवाल्यांनासुद्धा असा हक्क फक्त डार्टमूरवर आहे. तोही एका जमीनमालकानं कोर्टात खेचला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो राखला. नाना हळहळले, "निकाल लागलासुद्धा? आमच्याकडे अजून नोटीस बजावली नसती."

आता फुकटची जागा शोधणं. नॉर्थ कोस्ट ५०० या मार्गाला हे नाव २०१५ मध्ये पर्यटनासाठी दिलं गेलं. इन्व्हर्नेसहून निघून इन्व्हर्नेसलाच परत, ५१६ मैल. तेव्हापासून तिथं व्हॅन्सची रीघ लागलेली, त्यात आता आमचीही. दुपारी चारलाच माझी नजर भिरभिरू लागायची. सपाट जागा दिसली की तिथं मोठे दगड आणून टाकलेले, नाहीतर पाटी, नाहीतर आधीच येऊन पडदे ओढून बसलेले कुणीतरी. एका वळणावर मात्र समुद्र समोर, जागा सपाट, माणूस नाही काणूस नाही. मी ब्रेक लावला. नाना शांतपणे म्हणाले, "ती पाटी वाचा." एकपदरी रस्त्यावर समोरच्या गाडीला वाट द्यायची ती जागा होती. तिथं झोपणं म्हणजे घाटात आडवं पडणं.

शेवटी तळ्याकाठी जागा मिळाली. वारा पडलेला, पाणी आरशासारखं. मी विजयी मुद्रेनं खुर्ची बाहेर काढली. स्कॉटलंडात मिज नावाचा किडा असतो, मोहरीहून लहान, आणि वारा पडला की तो निघतो. चावतात फक्त माद्या. हे मी बायकोला सांगायला नको होतं. मिनिटभरात चहावर काळी साय धरली. आम्ही तिघं आत, दारं-खिडक्या बंद, आणि बायकोनं पोह्यांची फोडणी टाकली. धूर बाहेर सोडला तर मिज आत, मिज अडवले तर हिंग-मोहरीचा धूर आत. नाना डोळे पुसत म्हणाले, "पैसे कुठं भरायचे असतात?"

आणि तो संडास. त्याची टाकी, म्हणजे कॅसेट, वीसेक लिटरांची. तुमचं सगळं स्वातंत्र्य या वीस लिटरांत मावतं. ती भरली की रानातल्या बंडखोरालाही कॅम्पसाइटच्या दारात उभं राहावं लागतं, कारण निळं औषध घातलेला तो ऐवज ठरलेल्या जागीच ओतायचा असतो. काही महाभाग तो रस्त्याकडेला ओततात. त्या दगडांचा आणि पाट्यांचा राग मला मग येईनासा झाला. कॅसेटला चाकं आणि लांब दांडा असतो. सकाळी ती ओढत निघालं की विमानतळावर निघाल्यासारखं दिसतं. समोरून दुसरा गृहस्थ तशीच ओढत येतो, दोघंही हवापाण्यावर बोलतात, खाली कुणीच बघत नाही.

पैसे भरून घेतलेल्या जागेचा थाट वेगळा. दोन गाड्यांत सहा मीटर अंतर, रात्री दहानंतर आवाज नाही. विजेची वायर खांबाला जोडायची. किटली आणि हीटर एकदम लावले की वीज गुल. चाकांखाली पिवळ्या पाचरी सारून गाडी समतल करायची. माझ्याकडे पाणसळ नव्हती. बायकोनं ओट्यावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आणि मला मागेपुढे करायला लावलं. शेजारचे आजोबा खुर्ची वळवून ही गंमत बघत बसले. पण नंतर अंघोळ अशी झाली, की माझ्या पंथाचं नाव मी दोन दिवस काढलं नाही.

पावती मात्र नानांनी दोनदा वाचली. "माणशी आकार? मी व्हॅनमध्ये झोपलो नाही तर?" तरुणपणी तोरण्यावर उघड्यावर झोपलेला हा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तंबू विकत घेतला. कॅम्पसाइटच्या कुंपणाबाहेर, पीक नाही, गुरं नाहीत, घर जवळ नाही हे सगळं आचारसंहितेप्रमाणे तपासून त्यांनी तो माळावर ठोकला. व्हॅनसकट आम्ही आत, पैसे भरून. नाना बाहेर, हक्कानं आणि फुकट.

सकाळी ते चहाला आत येऊ लागले तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी हसतमुखानं सांगितलं, बाहेरून भेटायला येणाऱ्यांना वेगळा आकार पडतो. नानांनी दर विचारला, मान हलवली आणि दोन पावलं मागं सरकले. तेव्हापासून बायको कप घेऊन कुंपणापाशी जाते. साखर कमी पडली तर ते तिथूनच ओरडतात.