हयात असल्याचा शिक्का

दिल्लीत करोल बागेत गफ्फार मार्केटला गेलं, की मेलेला मोबाइल तासाभरात जिवंत होतो. पेन्शनरला मात्र आपण जिवंत आहोत, हे दर नोव्हेंबरात सरकारला पटवावं लागतं. त्यासाठी १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आला. पण फायली उलटून झिजलेली बोटं यंत्र ओळखेना. २०२१मध्ये नुसता चेहरा दाखवून हयात राहायची सोय झाली.

आमच्या गल्लीतले काका केंद्र सरकारात हिशेब तपासत. फोनने डोळे मिचकावायला सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, “आदेश लेखी आहे का?” आदेश पडद्यावरच होता. त्यांनी सावधपणे एकच डोळा मिचकावला. काकू आतून म्हणाल्या, “या वयात कुणाला?”

नातू म्हणाला, “आजोबा, द्या इकडे.” त्याचा अंगठा भराभरा फिरला, “झालं!” म्हणून फोन परत हातात. काकांचा आक्षेप दुहेरी होता : केलं कसं, ते कळलं नाही, आणि मेसेजमध्ये प्रमाण क्रमांक आला, पण शिक्का कुठाय?

मग त्यांनी वहीच घातली. ‘पायरी ३ : चष्मा काढणे. तोंड वर्तुळात ठेवणे.’ आलेला प्रत्येक ओटीपी तारखेसह आवक नोंदवहीत चढू लागला. “अहो, तो दहा मिनिटांत बाद होतो,” मी म्हटलं. “होऊ दे. अभिलेख पाच वर्षं जपायचा असतो.”

वरच्या मजल्यावर विट्याकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या आजी राहतात. व्हिडिओ कॉलवर गावाला त्यांचं फक्त कपाळ दिसायचं. घरात शिकवायला चार जण, आणि चौघेही फोन हिसकावणारे. काकांनी मात्र हात मागे बांधून शिकवलं. दुसऱ्याच्या दस्तऐवजाला ते हात लावत नाहीत. आजींचा पूर्ण चेहरा आता खानापूर तालुक्यात पोचतो, आणि त्याबरोबर सुनांबद्दलचा सविस्तर अहवालही.

परवा काकांना फोन आला, “अंकलजी, पेन्शन बंद हो जाएगी, ओटीपी बताइए.”

“पहले लिखित में दीजिए,” काका म्हणाले, “तीन प्रतियों में.”

पलीकडून फोन आपटला गेला. काकांनी लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर तक्रार केली आणि तिचा जावक क्रमांक टाकला.

त्याच आठवड्यात नातवाने मात्र ‘मोफत इअरबड’च्या लिंकवर बोट ठेवून आठशे रुपये घालवले. हल्ली कुठलीही लिंक आली, की तो आधी काकांकडे येतो. काका चष्मा चढवून ती दोनदा वाचतात आणि म्हणतात, “ठेवून जा. छाननी करून कळवतो.”