शिकलो, चूक झाली!

मा. ठेकेदारसाहेब,
तारापूर एमआयडीसी, बोईसर यांस

विषय : बी.एस्सी. झाल्याबद्दल जाहीर माफी.

महोदय,

काल गेटवर तुम्ही माझा फॉर्म पाहिलात. शिक्षणाच्या रकान्यात 'बी.एस्सी., रसायनशास्त्र' वाचून म्हणालात, "शिकलेला पोरगा टिकत नाही." आणि हेल्परची जागा दहावी नापास मुलाला दिलीत. तुमचं बरोबर आहे साहेब. चूक माझीच, आणि ती रागाच्या भरात झालेली नाही. चांगली तीन वर्षं फी भरून केली.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. सर म्हणाले, "शिका रे, आता नोकऱ्या दारात येतील." आल्याही. फक्त दारात तुम्ही उभे होतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालात वाचलं, की २०२२ साली पदवीधर तरुणांत २९.१ टक्के बेकार होते आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. आईला सांगितलं. ती शाळेत गेलेली नाही. म्हणाली, "अडाण्याला घरी बसायला परवडतं का रे?" अहवाल तिनं एका वाक्यात संपवला.

इतर प्रयत्नही केले. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, त्यातला एक माझा. सरकारनं २०२४च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर दरपत्रकच लावलं : बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. म्हणजे माझी तीन वर्षं बारावीपेक्षा ४,००० रुपयांनी महाग, तीही योजनेची मुदत संपेपर्यंत.

तेव्हा साहेब, मी सुधारायचं ठरवलंय. नव्या फॉर्मवर 'नववी' लिहीन. पदवीचं लॅमिनेशन केलेलं आहे, ते डब्याखाली घालायला होईल. ड्रम उचलताना त्यावरचं लेबल वाचणार नाही. 'ज्वलनशील'ची आग नुसती नक्षी समजेन. रिॲक्टरचं तापमान चढताना दिसलं तरी झाडू थांबवणार नाही. वाचता येणारा हेल्पर प्रश्न विचारतो आणि बारा तासांच्या पाळीत प्रश्नांना वेळ नसतो, हे मला आता पटलंय.

वाढवण बंदराची पायाभरणीही २०२४मध्ये पालघरातच झाली. तिथल्या ठेकेदारांपर्यंत माझी ही खोड पोहोचू देऊ नका, एवढीच विनंती.

खाली सही करत नाही. सहीवरून शिक्षण ओळखू येतं. आणि तशीही गेटवरच्या मशीनला सही चालतच नाही; तिथं एम.एस्सी.वाला केमिस्ट आणि आम्ही, सगळेच अंगठाबहाद्दर.

आपला आज्ञाधारक,
(डाव्या हाताचा अंगठा)