धूर निळा की पांढरा?

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

ती. बाबांना,


परवा फोनवर मी रडकुंडीला येऊन सांगत होते की गाडीचं इंजिन गेलं, आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "धूर निळा की पांढरा?" माणसं धड आहेत का, हे आईने मागून ओरडून विचारलं. तेवढ्यात फोन तुटला, म्हणून सविस्तर लिहिते. माणसं धड आहेत. धुराचं शेवटी सांगेन, नाहीतर तुम्ही मधलं वाचणार नाही.

लिव्हरमोरच्या देवळातून परत येत होतो. तिथला उन्हाळा म्हणजे आपला जळगावचा. सुनोलचा घाट चढताना काटा लालमध्ये गेला. मी म्हटलं, थांबवा. तुमचे जावई म्हणाले, "आता उतारच आहे, आपोआप गार होईल." घाट संपायच्या आत इंजिन संपलं. रेडिएटरच्या होजला दोन वर्षांपासून चीर होती आणि तिच्यावर जावयांनी स्वहस्ते चिकटपट्टी गुंडाळली होती, हे मला टो ट्रकमध्ये बसल्यावर कळलं. गाडीचा यात काडीचा दोष नाही.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. १९९० ची व्होल्वो २४०, मागे लांबलचक डबा असलेली. मीटरवर ३ लाख १२ हजार मैल, म्हणजे ५ लाख किलोमीटर. तुमच्या हिशोबात पुणे–नाशिक जाऊन-येऊन अकराशेहून जास्त फेऱ्या. स्वीडनवाल्यांनी हे मॉडेल १९७४ पासून १९९३ पर्यंत काढलं, २६ लाखांहून जास्त गाड्या. इंजिन चार सिलिंडर, २.३ लिटर, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. टायमिंगचा पट्टा तुटला तरी वॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. ब्लॉकला लाल रंग असतो, म्हणून इकडचे लोक त्याला 'रेडब्लॉक' म्हणतात. आम्ही अख्ख्या गाडीलाच लाल डबा म्हणतो. वरून ती हिरवी आहे, पण एसटीवाल्याच्या मुलीला दुसरं नाव कुठून सुचणार?

सगळे म्हणतात विकून टाका. पण हिच्यात सगळ्यात मागे उलट्या तोंडाची एक सीट आहे, आणि दोन्ही मुलं तिच्यावर बसून मोठी झाली. धाकट्याला अजून कुठलीही जागा मागे पडताना दिसल्याशिवाय ओळखू येत नाही. पुढे बसवलं तर स्वतःच्या शाळेचा रस्ता विचारतो.

आमचा मेकॅनिक मेक्सिकोतून आलेला आहे, साठीचा. आम्ही त्याला उस्ताद म्हणतो. त्याने हेड उतरवलं, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेजचं पान सरकवलं. सरकायला नको होतं, ते सरकलं. मग बोअरमध्ये बोट फिरवून मला उभ्या रेघा दाखवल्या आणि "च्च" केलं. बाबा, ते "च्च" अस्सल तुमच्या एसटीच्या दापोडी वर्कशॉपचं होतं.

मग सुरू झालं इंजिन-पुराण. हेच इंजिन बांधायचं तर बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेडचं फेसिंग, सगळं मिळून साडेपाच हजार डॉलर. एवढे पैसे या गाडीचे कोणी तिला हार घालून उभी केली तरी देणार नाही. थोरली म्हणाली, बॅटरीवर करा. टेस्लाचा कारखाना गावातच आहे, म्हणजे जणू कोपऱ्यावरचा किराणावाला. आणि जावयांच्या डोक्यात आलं व्ही-८! पाच लिटर, आठ सिलिंडर. लोक या गाडीत खरंच बसवतात असं कळल्यापासून ते रात्री दोन-दोनपर्यंत जागे. म्हाताऱ्या बैलगाडीला शर्यतीची खिल्लार जोडी! मी म्हटलं, गिअरबॉक्स, ब्रेक, एक्सल कोण बदलणार? पण माझ्यापेक्षा कॅलिफोर्निया सरकार त्यांना बरं समजावतं. इथे दुसऱ्या जातीचं इंजिन घालायचं तर ते गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, धुरावरची त्याची सगळी मूळ यंत्रणा सोबत हवी, आणि मग सरकारी रेफरीपुढे गाडी उभी करायची. रेफरी हा शब्द ऐकल्यावर व्ही-८ मावळलं. आमच्याकडे घरातच एक रेफरी पुरतो.

राहिला भंगारवाला. इथल्या भंगाराच्या आवारात आपला पाना आपणच न्यायचा, आपणच खोलायचं. इंजिन कुठलंही घ्या, साडेतीनशे डॉलर. शनिवारी गेलो तर कामाच्या दोन व्होल्वो सापडल्या, दोन्ही ९४०, म्हणजे आमच्या गाडीनंतरचं मॉडेल, पण इंजिन तेच. एक १ लाख ४० हजार मैल चाललेली, इंजिन धुऊन लखलखीत. दुसरी २ लाख १० हजार, वर धूळ, पानं, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. जावई अर्थातच लखलखीतकडे धावले. "धुतलेलं इंजिन काहीतरी लपवतं," हे तुमचं वाक्य मी त्यांना ऐकवलं आणि तेलाचं झाकण उघडलं. आतून चहावरच्या सायीसारखा पांढुरका चिकटा. तेलात पाणी! आमच्या घरी एक असं इंजिन आहेच.

मग धुळकटाकडे वळलो. झाकण आतून तपकिरी, कोरडं. प्लग काढले, चारही बिस्किटाच्या रंगाचे. परत लावले आणि तुम्ही शिकवलं होतंत तसं क्रँकच्या बोल्टाला पाना लावून हाताने फिरवलं. चार सिलिंडर, दर अर्ध्या फेरीला एक दम. पहिला दम, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे सारखे. मनगटाला नीट कळतं, फक्त घाई करायची नाही. जावई शेजारी उभे राहून विचारत होते, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "चहा हवाय म्हणतंय." गाडीच्या खणात पावत्यांची जुडी निघाली, दर ५ हजार मैलांना ऑइल बदललेलं, एकदाही चूक नाही. तुमच्या लॉगबुकाची आठवण झाली. कुठल्या तरी नेमस्त माणसाची गाडी असणार. त्याने होजला चिकटपट्टी लावली नसती.

तेच घेतलं. आता मला तुमचा सल्ला हवा. याच इंजिनाचे सुरुवातीचे कनेक्टिंग रॉड ९ मिलिमीटरचे असायचे, पुढे १३ चे आले. यात १३ चे आहेत, ते ठीक. पण या मॉडेलात डिस्ट्रिब्यूटर हेडच्या मागच्या टोकाला आहे, आणि आमच्या गाडीत तिथे नेमका फायरवॉल आडवा येतो. आमचा डिस्ट्रिब्यूटर ब्लॉकच्या कुशीत बसतो. तर जुन्या इंजिनातला डिस्ट्रिब्यूटर आणि त्याला फिरवणारा दांडा नव्यात घालायचा, असं उस्ताद म्हणतो. तुमचं काय मत? दुसरं, इंजिन बाहेर आहे तोवर मागचं ऑइल सील, वॉटर पंप, टायमिंगचा पट्टा आणि ब्रीदर नवे घालून घेते. ब्रीदर चोंदला की इंजिनाला पोटफुगी होते आणि ते दिसेल त्या सीलमधून तेल काढतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! होज सगळेच नवे घेतले आहेत. चिकटपट्टीचं रीळ माझ्या कपाटात आहे.

इंजिन घरी कसं आलं तेही आईला सांगा. मंडळातल्या एकांचा ट्रक मागितला, तर त्यात गेल्या वर्षीचं गणपतीचं मखर तसंच पडून. त्या थर्माकोलच्या कमानीखाली लाल इंजिन बसवून आम्ही हायवेने आलो. शेजारच्या गाडीतल्या एका देशी बाईंनी खरोखर हात जोडले.

पुढच्या महिन्यात मावशींचा मुलगा येतोय, त्याच्याबरोबर तुमचं फीलर गेज पाठवाल का? डबीवर बॅज नंबर कोरलेलं तेच. इथे विकत मिळतं, पण त्याची पानं मला पाठ आहेत. आईला म्हणावं, चकलीच्या डब्यात तळाशी घाल.

आईला सा. न.

आपली,
ठमी

ता. क. : धूर राहिलाच. आधी निळा, घाटात पांढरा, आणि बिल पाहिल्यावर तुमच्या जावयांच्या कानांतून काळा.