प्रोटॉन आणि कूलर

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ची वेधशाळा होऊ घातली आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्रानं २०२३ मध्ये मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी. आणि काम काय, तर गुरुत्वीय लहरींमुळे त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा पडलेला फरक पकडायचा. त्याच तालुक्यात घरचा फ्रिज किती वीज खातो असं विचारा. उत्तर येतं, “बिल लई येतंय.”

त्यावर इलाज म्हणून सॉकेट आणि पिन यांच्या मधे बसणारा इवलासा मीटर निघालाय. तो लावला की घरात चौकशी आयोगच बसतो. बंद टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स १० वॅट ओढत असेल, तर वर्षाची ८७ युनिटं झाली. म्हणजे टीव्ही न बघण्याचंही बिल! महिन्याला १०० युनिटांची पायरी ओलांडली की पुढचा दर चढतो, म्हणून मोबाईलच्या चार्जरवर पाळत. (चार्जरपायी कुणाचं दिवाळं निघाल्याचं ऐकिवात नाही.) छताचा जुना ७५ वॅटचा पंखा मात्र निर्दोष सुटतो, कारण त्याला पिनच नसते. शेतातल्या ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल २०२४ पासून सरकारच भरतं. तिथं मोजून कशाला कुणाची झोप उडवायची?

राहिला कूलर. एप्रिलभर त्याचा आकडा मोठ्यानं वाचला जातो. धोंड्याच्या महिन्यात जावई येणार म्हटलं, की सासूबाई आधी तो मीटर काढून फडताळात टाकतात.