खाल्ल्या घरचे वासे खाणाऱ्या ट्रिप्सिनशेठना

श्रीमान ट्रिप्सिनशेठ,
मुक्काम लहान आतडं, मूळ गाव स्वादुपिंड.

शिष्टाचारापुरता नमस्कार.

पत्र सुरतेहून लिहितोय, उधन्यातून. आमच्या शहराला गुन्हेगार हुडकायचा जुना सराव आहे. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली, तेव्हा उंदीर, पिसवा, पुराचा गाळ, उकिरडे अशा सगळ्यांवर खटला चालला आणि खानदेशी मंडळी मिळेल त्या गाडीने भुसावळकडे पळाली. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले, त्यांनी शहर घासून काढलं. झाडू तुमच्या दारापर्यंत मात्र आला नाही. तुम्ही पडलात घरातले. घरच्या माणसावर संशय कोण घेणार?

शिवाय पाचक एन्झाइम म्हणून तुमचा लौकिक केवढा! 1876 साली जर्मनीत विल्हेल्म क्यूने यांनी तुमचं बारसं केलं. स्वादुपिंड रोज लिटर-दीड लिटर रस आतड्यात ओततं, त्यातून तुम्ही ट्रिप्सिनोजेन या सोज्वळ नावाने, झोपेचं सोंग घेऊन येता. आतड्यात एंटरोकायनेज भेटलं की सोंग संपलं. मग तुम्ही कायमोट्रिप्सिन, इलॅस्टेज वगैरे साथीदारांनाही जागं करता आणि प्रथिन दिसेल तिथे कात्री चालवता. ‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण इथले गुजराती शेजारी मोठ्या तोऱ्यात ऐकवतात. तिच्या पहिल्या अर्ध्याचं बरंचसं श्रेय तुमचं, हे कबूल. दुसऱ्या अर्ध्यातही तुमचा हात आहे, हे मात्र कुणी बोलत नाही.

तुम्हाला आवरायला आहे तरी काय? श्लेष्माचा एक थर आणि त्याखाली पेशींची एकच रांग. या पेशी ऑक्लुडिन, क्लॉडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही भिंत उलगडून अंथरली तर साधारण 30 चौरस मीटर भरते, आमच्या लिंबायतमधल्या एखाद्या वन रूम किचनएवढी. चार-पाच दिवसांत तिच्या पेशी बदलून नव्या येतात. एवढ्याशा आडोशावर तुमच्यासारख्याला आयुष्यभर सांभाळायचं!

मग कुणाला तरी सेप्सिस होतो, म्हणजे संसर्गावर शरीर इतकं भडकतं की स्वतःचेच अवयव बिघडू लागतात. जंतू कुठलाही असो. इकडे पावसाळ्यात भात-उसाच्या शेतात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस गाठतो. रक्तदाब कोसळतो. मेंदू आणि हृदय जगवायला शरीर आतड्याचा रक्तपुरवठा तोडतं. दाब चढवायला डॉक्टर नॉरॲड्रिनॅलिन लावतात, त्यानेही रक्तवाहिन्या आवळतात. आतड्याच्या आतल्या लवीच्या टोकाला प्राणवायूचा तुटवडा सगळ्यात आधी भासतो. श्लेष्मा विरतो. पोटात दोन दिवस अन्नाचा कण नाही, पण तुमची ड्युटी चालूच. अन्न नाही म्हणता? ऑक्लुडिनही प्रथिनच की! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, शेठ. वासेच खाणारे तुम्ही पहिले.

भिंत फुटली की जंतूंचे तुकडे आणि तुम्ही केलेला भुगा बाहेर पडतो. त्यातलं काही यकृताकडे जातं, काही लसिकेच्या वाटेने छातीतून थेट फुप्फुसांवर. आयसीयूत तेव्हा काय दिसतं? पोट फुगलेलं, राइल्स ट्यूबमधून येणारं हिरवं पाणी, पोटावर स्टेथोस्कोप टेकवून उभे डॉक्टर आणि आतून आवाज नाही. बाहेर बाकावरचे नातेवाईक दर तासाला एकच विचारतात, “लघवी किती झाली?” तुमचं नावही त्यांच्या कानावर येत नाही.

पण खटला उभा राहिलाय. सॅन दिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेर्ट श्मिड-श्योनबाइन यांच्या गटाने 2013 मध्ये उंदरांना शॉकमध्ये नेऊन तुम्हाला आतड्यातच जखडलं. वाचणारे उंदीर वाढले. बेड्यांपैकी एक होती ट्रॅनेक्झामिक ॲसिड, पाळीतला अतिरक्तस्राव थांबवायला देतात तेच. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. दिलीप कर्नाड आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तुम्हाला आवरणाऱ्या युलिनास्टॅटिनची सेप्सिसच्या रुग्णांवरची चाचणी छापली. हे औषध माणसाच्या लघवीतून काढतात. तुमच्या रुबाबाला साजेसा बंदोबस्त! ते शिरेतून दिलं, म्हणजे झडती आतड्यात झाली नाही, रक्तात झाली. 122 रुग्णांपैकी काही वगळून हिशेब केला तेव्हा 28 दिवसांतले मृत्यू औषध मिळालेल्यांत 7.3 टक्के, न मिळालेल्यांत 20.3. सगळे धरले तेव्हा 10.2 विरुद्ध 20.6, पण एवढ्या कमी रुग्णांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं संख्याशास्त्राने बजावलं. संशयाचा फायदा तुम्हाला. वकील चांगला मिळाला.

एकट्यालाच फासावर चढवणं अन्यायाचं होईल, हेही मान्य. दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशी स्वतःचं इलॅस्टेज ओततात, मेटॅलोप्रोटिनेजची टोळी वेगळीच. आणि एन्झाइम म्हणजे चोर, असंही नाही. तुमच्याच मोहल्ल्यात, आतड्याच्या काठावर अल्कलाइन फॉस्फटेज राहतं. जंतूंच्या विषारी एंडोटॉक्सिनमधला फॉस्फेट काढून त्याची नांगी मोडायचं काम ते गाजावाजा न करता करतं. उपासमारीत नेमकं तेच कमी होतं. म्हणूनही रुग्ण थोडा सावरला की एक-दोन दिवसांतच डॉक्टर नळीतून थोडं थोडं अन्न सुरू करतात. “बेशुद्ध माणसाला कसलं जेवण!” म्हणून चिडणाऱ्या काकांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

तेव्हा निकाल असा: आरोप गंभीर, उंदरांची साक्ष भक्कम, माणसांची अपुरी. तुम्हाला आतड्यातच जखडणं हा सेप्सिसचा रोजचा उपचार अजून झालेला नाही. तारीख पुढची पडली आहे.

आपला,
उधन्याचा एक खानदेशी

ता. क. हे शेठसाठी नाही, वाचकांसाठी आहे. तापातला माणूस बरळू लागला, धापा टाकू लागला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. सिव्हिल असो की स्मीमेर, हॉस्पिटल रात्रीच गाठा.